व्हिनेगरमधल्या पुंगळ्या

पावाचे साचे आत ठेवायला आर्लिस त्वेतने ओव्हनचं दार उघडलं, तर आत तिच्या केकच्या ट्रेमध्ये बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ओळीने मांडून ठेवलेल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"ऑरिन!"

"हात लावू नको, गरम असतील," बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला.

"हा माझा केकचा ट्रे आहे."

"मग? ट्रेला काय होतंय? वाळतायत फक्त."

"त्यात शिसं असतं, ऑरिन. रविवारी चर्चमध्ये याच ट्रेमधला केक नेते मी. पास्टरबाईंना काय सांगू, वर साखर आहे आणि खाली गोळीबार आहे?"

"धुतल्यात की चांगल्या. चार वेळा."

चार वेळा धुतल्यात हेच तर आर्लिसचं दुखणं होतं. धुवून झाल्यावर माणसाने पुढचं काम करायचं असतं. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी काजळते. ती साफ करायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची, की झालं नवं काडतूस. ऑरिन गेली चाळीस वर्षं तळघरात बसून हेच करत आला होता. हिवाळ्यात बाहेर गुडघाभर बर्फ असला की मॉन्टानातल्या निम्म्या नवऱ्यांचा मुक्काम तळघरातच असतो, आणि बायकाही त्यावर फारशी तक्रार करत नाहीत. पण यंदा ऑगस्टपासून ऑरिन नुसता धूत होता. भरत एकही नव्हता.

आणि शनिवारी शिकारीचा हंगाम उघडणार होता.

आर्लिसचा परवाना फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला होता. मिझुरी नदीच्या कड्यांमधला नर एल्क, म्हणजे घोड्याएवढं सांबर, एक. या परवान्याची सोडत निघते, आणि त्या सोडतीत आर्लिसने चौदा वर्षं नाव घातलं होतं. तेरा वर्षं तिच्या तोंडाला पानं पुसली गेली आणि जूनमध्ये अखेर तिचं नाव निघालं. आता ती सदुसष्ट वर्षांची होती. पुढच्या खेपेला नाव निघेपर्यंत आपल्याला कड्यावर खुर्चीतून न्यावं लागेल, हे तिला नीट कळत होतं. आणि जायचं ते वडिलांची बंदूक घेऊनच, हे तिने चौदा वर्षांपूर्वीच ठरवलेलं. बारा वर्षांची असताना याच बंदुकीने वडिलांनी तिला त्याच कड्यांवर नेम धरायला शिकवलं होतं. ऑरिनची मोठी बंदूक तिच्या दुखऱ्या खांद्याला असा दणका द्यायची की आठवडाभर हात वर होत नसे, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता.

अडचण एवढीच की वडिलांच्या बंदुकीच्या मापाची काडतुसं आता कुणी ठेवत नाही. ल्युइसटाउनला विचारून झालं, ग्रेट फॉल्सला विचारून झालं. तिथल्या दुकानातल्या पोराने माप ऐकलं आणि आपल्या आजोबांना फोन करून विचारतो म्हणाला. घरात होत्या त्या वडिलांनी मागे ठेवलेल्या चौतीस पुंगळ्या. ऑरिन म्हणाला होता, "काळजी सोड. चौतीस भरून देतो."

आता साफ करायची म्हटली तर बाजारात त्यासाठी यंत्रं मिळतात, भुकट्या मिळतात, बाटल्या मिळतात. पण ऑरिनचं म्हणणं असं की दुकानातली बाटली म्हणजे बायकोच्या स्वयंपाकघरातलीच वस्तू, वर हरणाचं चित्र काढलं की तिप्पट किंमत. चाळीस वर्षांत त्याने एकही बाटली विकत आणली नव्हती. लागेल ते आर्लिसच्या कपाटातून जायचं. ती बिटाच्या लोणच्यासाठी व्हिनेगर शोधायला जावी आणि गॅलनचा डबा रिकामा निघावा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण पूर्वी तो एकदाच धुवायचा आणि छान धुवायचा.

ऑगस्टमध्ये पहिलं धुणं झालं ते व्हिनेगर, मीठ, भांड्यांचा साबण आणि गरम पाणी यांचं. ही ऑरिनची हुकमी कृती. पंधरा मिनिटं बुडवायच्या, हलवायच्या, काढून धुवायच्या. जास्त वेळ ठेवल्या तर आंबट पाणी पितळ खातं, पुंगळी गुलाबी पडते आणि आतून कच्ची होते. हे त्यानेच गावातल्या कितीतरी नवशिक्यांना कॉफीच्या टेबलावर बजावलेलं. आणि या वेळी त्याने स्वतः चौदा पुंगळ्या सकाळपासून दुपारपर्यंत त्यात ठेवल्या. आर्लिस बादलीवर वाकून म्हणाली, "अरे, या गुलाबी दिसतायत." तो म्हणाला, "छे, चमकतायत." तिने खिडकीत नेऊन दाखवल्या. त्याने मान तिरकी करून पाहिल्या आणि चौदाच्या चौदा पकडीने चेपून टाकून दिल्या. चेपल्या म्हणजे चुकूनसुद्धा कुणी वापरणार नाही.

उरल्या वीस.

सप्टेंबरमध्ये तांदूळ. आइस्क्रीमच्या यंत्राची मोटर काढून (आर्लिसच्या यंत्राची, वेगळं सांगायला नको) तिला कॉफीचा मोठा डबा जोडला, डब्यात कच्चा तांदूळ आणि पुंगळ्या घातल्या आणि दोन दिवस घरभर गडगड गडगड. घासल्या छान गेल्या. पण प्रत्येक पुंगळीच्या बुडाच्या भोकात एकेक दाणा गच्च बसला. "माझी बोटं जाड आहेत, तू काढ," म्हणून वीस पुंगळ्या आणि रफूची सुई त्याने आर्लिससमोर ठेवली. ती दुपारभर दाणे उकरत बसली.

त्यानंतर पाहुण्यांच्या उशीचा अभ्रा. त्यात पुंगळ्या, वर गाठ, आणि सगळं कपडे धुण्याच्या यंत्रात. आर्लिस अंगणातून धावत आली, तिला वाटलं यंत्राला झटका आला. मग टोमॅटोच्या बरण्यांसाठी आणलेली लिंबाची भुकटी. आणि आज हा केकचा ट्रे.

तिने ट्रे बाहेर काढून ओट्यावर आदळला. वीस पुंगळ्या खणखणल्या. लग्नातली अंगठी फिकी पडेल इतक्या त्या चकचकीत होत्या.

"आज मंगळवार आहे," ती म्हणाली. "या घे, तळघरात जा, आणि भर."

ऑरिन दारात येऊन उभा राहिला. उंच, जरा वाकलेला, अंगात तोच चौकड्यांचा सदरा. "अजून तोंडाशी काळं आहे. एकदा फिरवून घासतो."

"कुठे आहे काळं? दाखव."

त्याने एक उचलली, डोळ्यांपाशी नेली, खाली ठेवली. "आतून आहे."

"आतून काळं असलं तर एल्कला काय फरक पडतो रे? तो काय आत डोकावून बघणार आहे?"

"कामात घाई चालत नाही, आर्लिस."

"घाई? मी चौदा वर्षं थांबले, ऑरिन. तुला आळस चढलाय, दुसरं काही नाही. सांग ना सरळ, की मला भरायच्या नाहीत."

ऑरिन सिंककडे वळला. नळ सोडला आणि पुंगळ्या पुन्हा एकेक करून धुवायला लागला. आर्लिसने हात टेकले.

बुधवारी सकाळी, तो कोठारात गेलेला पाहून, तिने वीसही पुंगळ्या फडक्यात बांधल्या आणि पिकअप काढून तीन मैलांवर वेंडेल क्रोगस्टाडकडे गेली. वेंडेल ऑरिनचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याही तळघरात तोच कारखाना होता. तो अंगणात ट्रॅक्टरखाली आडवा पडून काहीतरी पिळत होता.

"वेंडेल, बाहेर ये. काम आहे."

"पाय दिसतायत तेवढ्यांशी बोल."

"मला वीस काडतुसं भरून हवीत. उद्यापर्यंत."

पाय हलायचे थांबले. मग वेंडेल सरपटत बाहेर आला, उठून बसला आणि हात पुसत राहिला. "नाही गं, आर्लिस. मी दुसऱ्याच्या बंदुकीसाठी भरत नाही. तुला माहितेय, कुणीच भरत नाही. ज्याची बंदूक, त्याचं घर भरतं. उद्या नळी फुटली तर तुझ्या पोरींना तोंड कसं दाखवू?"

"तुझ्या हातून कधी चूक झालीय का?"

"नाही झाली, कारण मी दुसऱ्याचं भरत नाही. ऑरिनलाही मी हेच सांगितलं ना तेव्हा."

"ऑरिनला? कधी?"

वेंडेल पुन्हा हात पुसायला लागला. "त्याने तुला सांगू नको म्हटलं होतं."

"वेंडेल."

"ऑगस्टमध्ये. शेतातनं चालत आला. इथे टोपी हातात धरून उभा. म्हणाला, आर्लिससाठी वीस भरून दे. मला वाटलं थट्टा करतोय. ऑरिन त्वेत, आणि भरून मागतोय! मी हसलो. तो काही हसला नाही."

"कारण काय सांगितलं?"

"मी विचारलं नाही. असलं कसं विचारायचं?"

आर्लिस पिकअपमध्ये येऊन बसली, पण चावी फिरवली नाही. कोपर दुखत असतं तर तो तसं म्हणाला असता, दुखण्याबद्दल बोलायला ऑरिनला आवडायचं. तिला खिडकीतल्या गुलाबी पुंगळ्या आठवल्या, आणि ती तिरकी मान. तांदळाचे दाणे. मार्चपासून गाडी तीच चालवत होती, कारण त्याचा गुडघा धरला होता. पण त्याच गुडघ्याने तो तीन मैल शेतातून चालत वेंडेलकडे आला होता. पेपरही वाचत नव्हता हल्ली. म्हणायचा, त्यात काही नसतं.

आधी तिला भीती वाटली आणि मग त्याहून जास्त राग आला. अख्खा उन्हाळा या माणसाने तिच्या घरात व्हिनेगरचा वास भरून ठेवला, तिची उशी, तिचा तांदूळ, तिचा ओव्हन नासवला, पण एक वाक्य तोंडातून काढलं नाही. आणि ती त्याला आळशी म्हणाली होती. त्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटायला लावली म्हणून पुन्हा त्याचाच राग आला.

घरी आली तेव्हा ऑरिन ओट्यापाशी रिकाम्या ट्रेवरून हात फिरवत होता.

"पुंगळ्या कुठेत?"

तिने फडकं समोर ठेवलं. "वेंडेल नाही म्हणाला."

"त्याच्याकडे कशाला गेलीस?"

"तू गेला होतास म्हणून."

ऑरिन खुर्चीत बसला. "बडबड्या लेकाचा."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी, मार्च. मधलं पुसट दिसतं. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं दिसत नाही."

"डॉक्टर?"

"ग्रेट फॉल्सला गुडघा दाखवायला गेलो होतो ना, तू कापडाच्या दुकानात बसलीस तेव्हा. तो डोळ्यांचाच होता. गेलं ते परत येत नाही म्हणाला. राहिलंय ते टिकवायचं तर डोळ्यात सुई."

"आणि तू सुई घेतलीस?"

"हंगाम झाल्यावर घेणार होतो."

"ऑरिन! अरे, तुला काही..." तिने साबणाची बाटली उचलली आणि परत होती तिथेच ठेवली. "सोमवारी जायचं. मी आत येणार. कापडाच्या दुकानात नाही बसणार. पण मला सांगायला काय झालं होतं तुला? जमत नाही, एवढं म्हणायचं होतं!"

"तू चौदा वर्षं थांबलीस. जूनमध्ये तो कागद आला तेव्हा अंगणात नाचलीस. कसं सांगू?" तो टेबलाकडे, म्हणजे टेबलाच्या जरा बाजूला, बघत होता. "बसायचो मी खाली. दारू तोलायचा काटा लावायचो. आकडा दिसायचा नाही. अंदाजाने भरल्या असत्या, चाळीस वर्षांचा हात आहे. माझ्या बंदुकीसाठी असतं तर भरल्याही असत्या. पण चुकून दुप्पट दारू पडली की नळी फुटते, आर्लिस. आणि ती तुझ्या गालाला लागून असते. म्हणून वर यायचो आणि धूत बसायचो. धुवायला डोळे लागत नाहीत."

आर्लिस समोरच्या खुर्चीत बसली. मग तिने फडक्याची गाठ सोडली.

"मला आकडा दिसतो," ती म्हणाली. "चल खाली."

"तुला येत नाही."

"तुला येतं ना? मग सांग."

गुरुवारचा अख्खा दिवस तळघरात गेला आणि इतका तापदायक दिवस आर्लिसने एक्केचाळीस वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता. ऑरिनला शिकवता येत नसे. त्याला फक्त पुन्हा सांगता येत असे.

"काटा कितीवर आहे?"

"सांगितलं ना."

"परत सांग."

तिने सांगितलं.

"आता नजर काढ. छताकडे बघ. आता परत काट्याकडे बघ. किती?"

"तेवढाच, ऑरिन! छताकडे बघून दारू वाढते का?"

"किती, ते बोल."

एका काडतुसाला पंधरा मिनिटं. चार पुंगळ्यांत दारू घातल्यावर त्याने ती सगळी परत ओतायला लावली, कारण ती मोजता मोजता शिंकली होती. आठव्याला तिने चमचा टेबलावर फेकला, वर गेली, उभ्या उभ्या थंड सॉसेज खाल्लं आणि परत खाली आली. तो स्टुलावर तसाच बसलेला होता.

एका गोष्टीत मात्र त्याला कुणाच्या डोळ्यांची गरज पडली नाही. प्रत्येक पुंगळीत टोपी बसवली की तो ती हातात घ्यायचा आणि बुडावरून अंगठा फिरवायचा. तेरावीला तो थांबला. "ही वर आलीय."

आर्लिसने दिव्याखाली धरून पाहिली. तिला काहीच दिसेना. पट्टी आडवी ठेवली तेव्हा केसभर फट दिसली.

"कसं कळलं तुला?"

"मला काय विचारतेस, अंगठ्याला विचार," तो म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या आवाजात जुना तोरा आला.

ती टोपी तिने पुन्हा नीट बसवली. संध्याकाळी साडेपाचला विसावं काडतूस डबीत उभं राहिलं. आर्लिसची मान आखडली होती, बोटं काळी झाली होती, आणि नवऱ्याशी बोलायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

शुक्रवारी सकाळी नेम तपासायला दोघं गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेले. तिथे मातीची उंच भिंत आहे, सगळे तिथेच जातात. गार वारा सुटला होता. आर्लिसने पुठ्ठा लावला, पावलं मोजत परत आली, बंदुकीत पहिलं काडतूस घातलं आणि खांद्याला लावणार तोच ऑरिनने नळी धरली.

"पहिली मी मारणार."

"तुला पुठ्ठा तरी दिसतोय का?"

"मातीची भिंत दिसते. तेवढी पुरे."

"ऑरिन, गोळ्या मोजून एकोणीस उरतील. वाया कशाला घालवतोस?" असं म्हणता म्हणता ती थांबली. तो वायफळ हट्ट करत नव्हता हे तिला उमजलं. "दे इकडे. भरल्या मी आहेत. काही झालंच तर..."

"मागे सर."

"अरे, तू काल वीस वेळा विचारलंस. प्रत्येक आकडा बरोबर आहे."

"मला माहितेय बरोबर आहे. मागे सर. अजून मागे. पिकअपच्या पलीकडे जा."

एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती उलट न बोलता त्याने सांगितलं तिथे गेली. पिकअपच्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने बंदूक खांद्याला लावली आणि सावकाश गाल दस्त्यावर टेकला. मानेच्या मागे केस कापायचे राहिलेत, हे तिला उगाचच दिसलं. मग बार झाला. भिंतीवरची माती उडाली, आवाज खाणीत फिरून परत आला, आणि ऑरिन होता तिथेच उभा होता.

ती धावतच आली. धावण्याचं वय नव्हतं, तरी धावली.

"कुठे लागली?" त्याने विचारलं.

"मातीत."

"बरोबर."

"बरोबर काय? तू डोळे मिटले होतेस. मी पाहिलं."

"मिटले काय नि उघडे ठेवले काय," ऑरिन म्हणाला, आणि तेही तिने कधी ऐकलं नव्हतं इतक्या सहजपणे. त्याने बंदूक तिच्या हातात दिली. "गाल जागेवर आहे ना माझा? मग घे. आता तू मार."

आर्लिसने दुसरं काडतूस घातलं आणि बंदूक खांद्याला लावली. दस्ता त्याच्या गालाने गरम झाला होता. तिने नेमका तिथेच आपला गाल टेकला.